रेघ ओढण्याआधी

प्रिय पुतणीस,


तुझं पत्र पोचलं. वनहक्काचे दावे आणि गावांचे नकाशे तयार करून देणाऱ्या संस्थेत तू रुजू झालीस, याचा मनापासून आनंद झाला. आल्या आल्या तुझ्यावर सॉफ्टवेअर निवडायची जबाबदारी पडली. तू त्यासाठी परीक्षणं वाचलीस, तुलनेचे तक्ते पाहिलेस, आणि प्रत्येकात पहिला नंबर वेगळ्याचाच निघाला. 'काका, यातलं कुणाचं खरं मानू?' असं तू विचारतेस. एक नाव सांगून मला मोकळं होता आलं असतं. पण वर्षभरात नवी आवृत्ती येईल, नवे तक्ते येतील आणि तुझा प्रश्न तिथेच राहील. म्हणून परीक्षण पारखायचं कसं, ते जरा सविस्तर लिहितो.

आधी आपण कुठल्या जमिनीवर उभे आहोत ते लक्षात घे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. तेव्हापासून या जिल्ह्यावर एकामागून एक रेघा पडत आल्या आहेत. मुंबई-अहमदाबाद हायस्पीड रेल्वे आली आणि तिचं एक स्थानक बोईसरला ठरलं. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आला. डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरात झाली. यातली प्रत्येक रेघ कुणाच्या तरी गट नंबरावरून, कुणाच्या तरी बांधावरून जाते. इथे नकाशा चुकला तर माणसाची जमीन कमी भरते, मोबदला कमी मिळतो किंवा दावा फेटाळला जातो. म्हणून सॉफ्टवेअरचं परीक्षण वाचतानाही तुझ्या डोळ्यांसमोर तो शेतकरी असायला हवा.

पहिला प्रश्न असा विचार: ही तुलना नक्की कशाकशाची आहे? 'नकाशाचं सॉफ्टवेअर' या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या वस्तू विकल्या आणि वाटल्या जातात. गुगल मॅप्स किंवा मॅपमायइंडियाचं मॅपल्स वाट दाखवतं. एस्री या अमेरिकी कंपनीचं आर्कजीआयएस आणि गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलेलं मुक्तस्रोत क्यूजीआयएस नकाशा तयार करायला, मोजायला, थरावर थर ठेवून तपासायला असतं. इस्रोचं भुवन २००९ पासून उपग्रहचित्रं आणि सरकारी माहितीचे थर दाखवतं. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये सुरू केलेलं ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे स्वयंसेवकांनी गोळा केलेली, सर्वांना खुली असलेली माहिती आहे. मोजणीचं किंवा आखणीचं साधन ते नाही. या सगळ्यांना एकाच तक्त्यात बसवून पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक देणारा लेख दिसला, तर तो बाजूला ठेव. लिहिणाऱ्याला काम काय आहे हेच ठरवता आलेलं नाही. तुझं काम आहे दाव्याचं क्षेत्र मोजणं, चतुःसीमा दाखवणं आणि ग्रामसभेपुढे मांडता येईल असा नकाशा छापणं. तुझ्यापुरती तेवढ्याच कामाची तुलना उपयोगाची.

दुसरा प्रश्न: परीक्षणात जो दोष किंवा गुण सांगितला आहे तो सॉफ्टवेअरचा आहे की त्यात भरलेल्या माहितीचा? या दोहोंची गल्लत फार होते. आपल्याकडचंच उदाहरण घे. तारापूर एमआयडीसी बोईसरला लागून आहे. तारापूर गाव मात्र चिंचणीच्या बाजूला खाडीकाठी आहे. शिवाय एक तारापूर गुजरातेत आणंद जिल्ह्यात आहे आणि एक बिहारात मुंगेर जिल्ह्यात. बाहेरून माल घेऊन येणाऱ्या ट्रकवाल्याने नुसतं 'तारापूर' असं शोधलं तर तो कुठे पोचेल, हे त्या नकाशातल्या माहितीवर ठरतं. तारापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली आणि लोकांचं पुनर्वसन दुसरीकडे झालं. ही दोन नावं नकाशात कुठे आहेत, जुन्या जागी की नव्या, हे बघितल्याशिवाय त्या नकाशाच्या 'शोध' सोयीला कुणी पाच तारे दिले तर त्या ताऱ्यांचा आपल्याला उपयोग नाही. मोखाडा-जव्हारकडे तर पत्ता पाड्याच्या नावाने सांगतात. महसुली गाव एक आणि पाडे अनेक. मोठ्या शहरात बसून केलेल्या चाचणीत पाडा येतच नाही.

२०१२ च्या सप्टेंबरमध्ये ॲपलने स्वतःचे नकाशे आणले तेव्हा जगाला हेच दिसलं. त्रिमितीय देखावे डोळे दिपवणारे होते, पण गावं आणि ठिकाणं चुकीच्या जागी होती. काही दिवसांतच टिम कुक यांना जाहीर माफी मागावी लागली आणि सुधारणा होईपर्यंत दुसऱ्यांचे नकाशे वापरा, असं सांगावं लागलं. पडद्यावर सुंदर दिसणं आणि जमिनीशी जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षणात कोणत्या गोष्टीचं कौतुक केलं आहे ते बघत जा.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: मोजणी कोणत्या मांडणीत केली? पृथ्वी गोल, कागद सपाट. ती कागदावर आणण्याच्या रीतीला भूगोलात प्रक्षेपण म्हणतात, हे तू शाळेतच शिकलीस. मोबाइलवरचे बहुतेक नकाशे वेब मर्केटर नावाच्या प्रक्षेपणात असतात. विषुववृत्तापासून जसजसं दूर जावं तसतसं त्यात सगळं फुगत जातं. पालघर साधारण १९.७ उत्तर अक्षांशावर आहे. इथे लांबी सुमारे सहा टक्के फुगते आणि क्षेत्रफळ सुमारे तेरा टक्के. म्हणजे त्या प्रक्षेपणात सपाट हिशेब केला तर ४० गुंठे, म्हणजे एक एकर जमीन ४५ गुंठे दिसेल. हाच हिशेब पृथ्वीच्या गोलाईवरून केला, किंवा यूटीएम या प्रक्षेपणाच्या आपल्या भागाला लागू असलेल्या ४३ उत्तर या पट्ट्यात केला, तर उत्तर ४० गुंठ्यांच्या अगदी जवळ येईल. दोन्ही हिशेब एकाच सॉफ्टवेअरमध्ये करता येतात. क्यूजीआयएसमध्ये मोजपट्टी गोलाई धरून मोजू शकते आणि क्षेत्रफळाचं दुसरं एक सूत्र सपाट मोजतं. आर्कजीआयएसमध्येही दोन्ही पर्याय आहेत. मग एखाद्याने 'अमुक सॉफ्टवेअरने क्षेत्र चुकीचं दाखवलं' असं लिहिलं, पण कोणतं प्रक्षेपण घेतलं ते सांगितलंच नाही, तर त्याच्या निष्कर्षाला आधार काय राहिला?

याचा परिणाम केवढा होतो ते डहाणूवरून समजेल. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि तालुक्याभोवतीचा २५ किलोमीटरचा पट्टा उद्योगांपासून मोकळा ठेवायचं ठरवलं. कुणी हा पट्टा वेब मर्केटरमध्ये सपाट पद्धतीने आखला, तर जमिनीवर तो जेमतेम साडेतेवीस किलोमीटरचा भरेल. दीड किलोमीटर रुंदीची पट्टी नुसती कागदावर गायब. त्या पट्टीत किती गावं असतील, याचा विचार कर.

जुन्या कागदांबाबत आणखी एक गोष्ट. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका गणिती मांडणीवर आधारलेले आहेत, आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ ही वेगळी मांडणी वापरतं. रूपांतर न करता एकावर दुसरं ठेवलं तर आपल्या भागात पन्नास-शंभर मीटरचा फरक सहज पडतो. त्यातच आपले गाव नकाशे शंकू साखळीने मोजलेल्या काळातले. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, हे माप त्या साखळीचं. असा जुना गाव नकाशा उपग्रहचित्रावर तंतोतंत बसला नाही, तर तो दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारता येत नाही. जो परीक्षक हे समजून लिहितो, त्याचं उरलेलं म्हणणं लक्ष देऊन वाच.

चौथा प्रश्न: अचूकता कशाची मोजली? 'हे ॲप फार अचूक आहे' असं वाक्य वाचलंस की थांब. जागा सांगतो तो मोबाइलमधला किंवा हातातला जीपीएस. ॲप ती फक्त नोंदवतं आणि दाखवतं. मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाइलची चूक पाचेक मीटरची असते. पावसाळ्यात गर्द सागाखाली किंवा डोंगराच्या कुशीत ती वाढते. दहा गुंठ्यांच्या चौकोनी तुकड्याची बाजू सुमारे ३२ मीटर. तिथे दोन्हीकडून पाच-पाच मीटर सरकले तर दावा कुठल्या कुठे जातो. भूमी अभिलेख विभागाचे भूकरमापक आता रोव्हर नावाचं मोजणीयंत्र घेऊन येतात ते यासाठीच. त्याची चूक सेंटिमीटरांत असते. दोन ॲपची तुलना करताना दोन वेगवेगळे मोबाइल वापरले असतील, तर ती तुलना मोबाइलची झाली.

पाचवा प्रश्न उपग्रहचित्रांचा. वनहक्क कायदा २००६ चा आहे आणि दाव्यासाठी जमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असावी लागते. म्हणजे तुला आजचं सुरेख, ठळक चित्र नुसतं बघून भागणार नाही, त्या काळातलं चित्र शोधावं लागेल. इस्रोचा कार्टोसॅट-१ हा उपग्रह मे २००५ मध्ये गेला. त्याची चित्रं अडीच मीटरच्या तपशिलाची. त्याआधीची सहज मिळणारी चित्रं बहुतेक याहून ढोबळ. परीक्षक 'चित्रं किती स्पष्ट' एवढंच सांगतो. तू विचार, मागच्या तारखांची चित्रं बघता येतात का, चित्राची तारीख लिहिलेली असते का, आणि ते कोणत्या महिन्यातलं आहे. वरकस जमिनीवरची नाचणी-वरई भर पावसात हिरवी दिसते. मे महिन्यातल्या चित्रात तोच उतार उजाड माळ वाटतो. समुद्राकाठीही तसंच. केळवे, सातपाटी, चिंचणीचा किनारा भरतीच्या वेळी टिपला की ओहोटीच्या, यावर किनाऱ्याची रेघ बदलते.

सहावा प्रश्न भाषेचा. इंग्रजीत लिहिणाऱ्या परीक्षकाला तो सुचतच नाही. आपला नकाशा ग्रामसभेत मराठीतूनच वाचला जाणार. शेपफाइल नावाचा जुना, सगळीकडे चालणारा प्रकार आहे. त्यात रकान्याच्या नावाला दहाच इंग्रजी अक्षरांची जागा असते, आणि अक्षरांची सांकेतिक पद्धत नीट सांगितली नाही तर 'विक्रमगड'च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. जिओपॅकेज या नव्या प्रकारात ही अडचण येत नाही. जुन्या कार्यालयीन फाइली युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतील तर आणखी खटाटोप. तू निवडशील ते सॉफ्टवेअर जोडाक्षरं नीट छापतं का, मराठी नावाने शोध घेतं का, हे कोणत्याही तक्त्यात नसेल. ते तुलाच करून बघावं लागेल.

आता परीक्षणाच्या वयाकडे ये. आर्कजीआयएस आणि क्यूजीआयएसच्या तुलना अजून फिरत असतात. त्यांतल्या कितीतरी आर्कजीआयएसच्या जुन्या आर्कमॅपबद्दल असतात. एस्रीने त्याची जागा आर्कजीआयएस प्रोला केव्हाच दिली आहे. क्यूजीआयएसची तिसरी आवृत्ती फेब्रुवारी २०१८ मध्ये आली आणि बरंच काही बदललं. आपल्या देशातले नियमही बदलले. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय कंपन्यांना नकाशे आणि सर्वेक्षणासाठी आधी परवानगी घेण्याची अट काढून टाकली. त्याआधीच्या लेखात 'भारतात हे करता येत नाही' असं असेल तर ते आज लागू असेलच असं नाही. तारीख आणि आवृत्ती न देणारी तुलना कितीही चांगली लिहिलेली असली, तरी तिच्यावर निर्णय बेतू नकोस.

आणि पैसा. परीक्षण लिहिणाऱ्याला कुणाकडून काय मिळालं, हे विचारायला संकोचू नकोस. विकणाऱ्या कंपनीने स्वतः छापलेल्या तुलनेत तिचंच सॉफ्टवेअर वरचढ ठरतं. काही ठिकाणी वाचकाने दुव्यावरून खरेदी केली की लिहिणाऱ्याला दलाली मिळते. काही ठिकाणी अभिप्रायाच्या बदल्यात भेटकूपन देतात. हा प्रश्न एवढा वाढला की नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभाग आणि भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं. ते सुरुवातीला ऐच्छिक ठेवलं. लाभ घेऊन शिफारस करणाऱ्याने तो लाभ उघड केला पाहिजे, अशीही मार्गदर्शक तत्त्वं आपल्याकडे आहेत. पैसा घेतला म्हणून लिहिलेलं सगळं खोटं असतं असं मी म्हणत नाही. पण घेतला आणि लपवला, तर त्याच्या उरलेल्या शब्दांवर विसंबायचं कशाला? दुसरी बाजूही ध्यानात ठेव. मुक्तस्रोतावर जीव असणारे लोक पैसे घेत नाहीत, पण जिव्हाळ्यापोटी दोष झाकतात. 'फुकट आहे' असं लिहिताना शिकण्याचा वेळ, प्रशिक्षण आणि अडल्यावर मदत कोण करणार याचा खर्च ते धरत नाहीत. उलट परवान्याचं समर्थन करणारे, परवाना संपला की जुन्या फाइलींचं काय होणार, हे सांगत नाहीत.

मग चांगलं परीक्षण ओळखायचं कसं? त्यात काम आधी सांगितलेलं असतं. जागा, यंत्र, आवृत्ती, प्रक्षेपण आणि तारीख असते. सॉफ्टवेअर कुठे अडलं तेही असतं, आणि कुणासाठी ते योग्य नाही हेसुद्धा. लिहिणाऱ्याने आपला लाभ सांगितलेला असतो. सगळ्यात मोठी खूण म्हणजे त्याने केलेली चाचणी तुला तुझ्या टेबलावर पुन्हा करता येते. जे पुन्हा करून बघता येतं त्यावर विश्वास ठेव. जे येत नाही ते मत म्हणून वाच आणि पुढे जा.

अशी चाचणी तू स्वतः बांध. जिची सरकारी मोजणी झाली आहे आणि त्या मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत हाताशी आहे, अशी एखादी जमीन मालकाच्या संमतीने निवड. एकाच मोबाइलने एकाच दिवशी तिच्या कडेने चाल. तोच डेटा प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये टाक, क्षेत्र काढ आणि 'क' प्रतीशी ताडून बघ. मग त्यावर गाव नकाशा बसव, मराठी नावं घाल, नकाशा ए-फोर कागदावर छाप. नेटवर्क बंद करून पुन्हा एकदा तेच कर, कारण मोखाड्याच्या दऱ्यांत तुला असंच काम करावं लागणार आहे. शेवटी तो कागद त्या पाड्यातल्या एखाद्या जाणत्या माणसाच्या हातात दे आणि ओढा कुठे, बांध कुठे, देवाची जागा कुठे, हे त्याला ओळखता येतं का ते बघ. प्रत्येक टप्प्यावर काय घडलं ते वहीत लिहून ठेव. तुझ्या संस्थेसाठी त्याच्या तोडीची तुलना दुसरी नसेल. ती झाली की सेटिंगसकट इतरांनाही दे. आपल्या भागातल्या कामासाठी असं लिहिलेलं फार थोडं आहे.

माझं मत विचारलंस म्हणून तेही देतो. क्यूजीआयएसपासून सुरुवात कर. त्याला परवान्याचा खर्च नाही, जिओपॅकेज आणि युनिकोड ते नीट हाताळतं, आणि तू संस्था सोडलीस तरी फाइली तुझ्यामागच्या माणसाला उघडता येतील. पण मला त्याची सवय आहे, हे लक्षात ठेवून माझं मतही त्याच चाचणीतून काढ. तिथे दुसरं काही सरस ठरलं तर तेच घे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा वरची आहे. वनहक्काच्या २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की उपग्रहचित्र आणि तत्सम तंत्रज्ञान हे इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांची जागा घेणारं नाही. वयस्कर माणसाचं निवेदन, जुनी विहीर, दगडी बांध, स्थळपाहणीचा पंचनामा यांचं मोल कायद्याने मानलेलं आहे. तुझ्या पडद्यावरची रेघ आणि ग्रामसभेतल्या म्हाताऱ्याचं बोट वेगवेगळ्या बाजूला जाऊ लागलं, तर आधी आपलं प्रक्षेपण तपास, मग यंत्र तपास, मग चित्राची तारीख तपास, आणि त्याच्याबरोबर शिवारात जा. कुणाच्याही ताऱ्यांवर विसंबून कुणाच्या बांधावर रेघ ओढू नकोस.

तुझा,
काका